वाचकांचे प्रश्न: रेझर क्लॅम, ओहोटी आणि पंधराचा हिशेब

ऑक्टोबर उजाडला की वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांतल्या वाचकांची रेझर क्लॅमविषयीची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत खोल राहणाऱ्या, खणून काढून खायच्या शिंपल्यांविषयीची पत्रं येऊ लागतात. बहुतेकांचा प्रश्न 'कुठे जाऊ' असा असतो, पण उत्तराची सुरुवात 'कधी जाऊ' इथूनच करावी लागते. त्यातली काही पत्रं आणि उत्तरं इथे देत आहोत.

आम्ही बॉथेलला राहतो. एखादा शनिवार-रविवार गाठून रेझर क्लॅम काढायला जायचं आहे. सर्वांत जास्त कुठल्या किनाऱ्यावर मिळतात?

वॉशिंग्टनमध्ये यासाठी किनाऱ्याचे पाच भाग केलेले आहेत. दक्षिणेकडून सुरुवात केली तर कोलंबिया नदीच्या मुखापासून लेडबेटर पॉइंटपर्यंत लाँग बीच. विलापा खाडी ओलांडली की ग्रेलंड-वेस्टपोर्टचा पट्टा, तो ट्विन हार्बर्स. ग्रेज हार्बरच्या उत्तरेकडच्या दगडी बांधापासून कोपॅलिस नदीपर्यंत कोपॅलिस. ओशन शोअर्स गाव यातच येतं. नदीच्या पलीकडे सीब्रुक, पॅसिफिक बीच, मोक्लिप्स हा भाग मोक्रॉक्स. पाचवा कलालॉक ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या हद्दीत आहे, पण शिंपल्यांची संख्या घटल्यामुळे तो बरीच वर्षं जवळजवळ बंदच असतो. त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

बॉथेलहून ओशन शोअर्स गाडीने पावणेतीन-तीन तासांवर, लाँग बीच त्याहून लांब. पहिल्यांदा जाणाऱ्याने कोपॅलिस किंवा मोक्रॉक्स निवडावा. पण इथेच लोक फसतात. हे दोन्ही किनारे पुष्कळदा आळीपाळीने उघडतात, आज कोपॅलिस तर उद्या मोक्रॉक्स. मधे फक्त एक नदी. बंद असलेल्या बाजूला खणताना सापडलात तर 'माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. तारखेइतकंच किनाऱ्याचं नावही नीट वाचा.

तारखा राज्याचा मत्स्य व वन्यजीव विभाग ठरवतो, आणि त्या दोन टप्प्यांत येतात. आधी संभाव्य तारखा जाहीर होतात. मग शिंपल्यांचे नमुने तपासले जातात. सात ते दहा दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने विषाच्या मर्यादेखाली आले तरच अंतिम परवानगी मिळते. ती पुष्कळदा आठवडाभरच आधी कळते, म्हणून हॉटेल घ्यायचं तर पैसे परत मिळतील असंच घ्या.

किनाऱ्यावर पोचल्यावर गाडीवाटेच्या तोंडाशी गर्दी असते तिथे थांबू नका, अर्धा मैल चालत जा. उतार जवळजवळ नसलेला, रुंद आणि ओला चकचकीत वाळूचा पट्टा शोधा. ओढे जिथे समुद्राला मिळतात तिथे गोड्या पाण्यामुळे शिंपले विरळ असतात. गाडी वाळूवर नेता येते, पण वरच्या बाजूच्या घट्ट वाळूवरूनच, ताशी २५ मैलांच्या आत. खालची मऊ ओली वाळू म्हणजे शिंपल्यांचं घर, आणि गाडी रुतण्याची हमखास जागासुद्धा.

ओहोटी उणे ०.८ फूट होती, किनारा उघडा होता, आमची वेळही बरोबर होती. तरी चौघांना मिळून सातच मिळाले. काय चुकलं असेल? (वाचक, रेडमंड)

बहुधा लाटा. ओहोटीचा आकडा (उणे म्हणजे पाणी सरासरी खोल ओहोटीच्याही खाली) चंद्र-सूर्यावरून काढलेला असतो. त्या दिवशी समुद्र किती खवळलेला आहे हे त्यात धरलेलं नसतं. लाटा पाच-सहा फुटांच्या आत असतील तर दिवस चांगला म्हणायचा. दहा फुटांच्या वर गेल्या, त्यात समुद्राकडून जोराचा वारा असला, तर पाणी वाळूवर चढतच राहतं. ओहोटीचा निम्मा पट्टा उघडाच पडत नाही, आणि लाटांचा मारा चालू असला की रेझर क्लॅम खोल जाऊन गप्प बसतो, वर खूण दाखवत नाही. शून्य फुटांची ओहोटी आणि शांत समुद्र हा योग उणे एक फूट आणि उसळत्या समुद्रापेक्षा कितीतरी बरा.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी राष्ट्रीय हवामान सेवेचा किनारी लाटांचा अंदाज बघा. त्यात उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही दिलेले असतात. पंधरा सेकंदांच्या वरच्या लाटा उंचीने कमी दिसल्या तरी वाळूवर फार आतपर्यंत धावतात. अचानक गुडघ्यापर्यंत येऊन माणसाला आडवी करणारी लाट याच जातीची. समुद्राकडे पाठ करून खणू नये हा नियम त्यासाठीच, आणि रात्री तो दुप्पट पाळायचा.

ओहोटीचं गणित आपल्या कोकणातल्यासारखंच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, तेव्हा पट्टाच उघडा पडत नाही. दिवसातून दोन ओहोट्या, पण दोन्ही सारख्या नसतात. एक खोल, एक उथळ. पॅसिफिकच्या या भागात हिवाळ्यात खोल ओहोटी संध्याकाळी-रात्री येते आणि वसंतात सकाळी. म्हणूनच ऑक्टोबर ते मार्चपर्यंतचं खणणं दुपारी १२ नंतर, कंदील आणि हेडलॅम्प घेऊन, आणि त्यानंतर मेपर्यंतचं सकाळी, दुपारी १२ च्या आत. ही वेळ पाळणं बंधनकारक आहे. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. शुक्रवारी सहाला असेल तर शनिवारी सातच्या आत-बाहेर.

सर्वांत खोल ओहोटीच्या तास-दोन तास आधी वाळूवर उभं राहायचं आणि पाणी उतरेल तसं त्याच्यामागे जायचं. नेमक्या वेळेला पोचणाऱ्याला उतरतं पाणी मिळत नाही, चढतं मिळतं. छापील कोष्टक वापरत असाल तर घड्याळ उन्हाळी वेळेवर आहे की नाही ते बघा. मार्चमध्ये एक तास असाच हुकतो.

फावडं घ्यावं की नळी? आणि खूण ओळखायची कशी? व्हिडिओत सगळं सोपं दिसतं. (वाचक, केंट)

नवख्याने नळी घ्यावी. तिला इथे 'क्लॅम गन' म्हणतात: एका टोकाला उघडी, वर आडवी मूठ आणि मुठीजवळ हवेचं छोटं भोक. गोल नळीचा बाहेरचा व्यास किमान ४ इंच असावा लागतो, लंबगोल असेल तर ४ बाय ३ इंच. अरुंद नळीने कवच फुटतं, त्यामुळे गोल घ्यायची तर थोडी रुंदच घ्या. स्टीलची जड पण वाळूत लवकर शिरते; ॲल्युमिनियमची हलकी. प्लास्टिकची घट्ट वाळूत दमवते.

खुणा तीन प्रकारच्या. वाळूत नुसता खळगा. भोवती वाळूचं कडं उठलेलं भोक. आणि किल्लीच्या भोकासारखी लांबट चीर, जी जरा कोरड्या वाळूत दिसते. खूण जितकी मोठी तितका शिंपला मोठा, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. पेन्सिलीने टोचल्यासारखं बारीक, स्वच्छ भोक दिसलं तर ते बहुधा घोस्ट श्रिम्प या वाळूत राहणाऱ्या कोळंबीसारख्या जिवाचं बीळ. काहीच दिसत नसेल तर पाय आपटत चाला किंवा फावड्याच्या दांड्याने वाळू ठोका. शिंपला दचकून वर काढलेली मान आत ओढतो आणि खळगा पडतो.

खूण दिसली की नळी तिच्यावर मधोमध धरा, जवळजवळ उभी. हवेचं भोक उघडं ठेवून, डावी-उजवी फिरवत आणि हलवत सहा ते दहा इंच आत घाला. मग भोकावर अंगठा दाबा आणि वर ओढा. ओढताना कंबरेतून नाही, गुडघ्यातून उठा. ओल्या वाळूने भरलेली नळी आतल्या चोषणामुळे वाटते त्यापेक्षा फार जड असते, आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरलेले सगळे इथेच चुकलेले असतात. वर आल्यावर अंगठा काढा, वाळू झटका, त्यात शिंपला बघा. नसेल तर त्याच खड्ड्यात दुसऱ्यांदा. दोन-तीन वेळा करून हात घालून चाचपा. नळी आत जात नसेल तर हवेच्या भोकात वाळू अडकली आहे का ते आधी बघा; दहापैकी आठ वेळा तेच असतं.

फावडं म्हणजे बागेतलं नव्हे. क्लॅम शॉव्हेलचं पातं अरुंद आणि लांब असतं. ते खुणेपासून ४ ते ६ इंच समुद्राच्या बाजूला लावायचं, मूठ वाळूच्या टेकड्यांकडे, पातं जवळजवळ उभं. एक गुडघा टेकत सरळ आत दाबा. चोषण सुटण्यापुरतीच मूठ मागे ओढा, जास्त नाही. मूठ खूप मागे ओढली की पातं पुढे सरकून कवचाचा चुरा होतो. दोन-तीन वेळा वाळू उपसून मग हात घाला. शिंपला हाती लागला की त्याच्या मानेला हिसका देऊ नका, मान तुटून हातात येते. बोटांनी कडेची वाळू सैल करत कवच धरा, तो खणायच्या पायाने खाली ओढत असेल तर क्षणभर तसाच धरून ठेवा, पकड सैल झाली की काढा. कवचाची धार नावाला जागणारी आहे. हातमोजे घाला.

घाई का, तर हा प्राणी ओल्या सैल वाळूत मिनिटाला फूटभर खाली जाऊ शकतो. पण तो जातो सरळ खाली, बाजूला पळत नाही. त्यामुळे खड्डा रुंद करत बसण्यात काही हशील नाही, खोल करा.

मुलं ९ आणि १२ वर्षांची आहेत. त्यांचे पंधरा-पंधरा आम्ही काढून एकाच बादलीत ठेवले तर चालेल का? लहान निघालेले परत सोडले तर? (वाचक, सामामिश)

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. वॉशिंग्टनमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण त्यांचे शिंपले त्यांनी स्वतःच काढायचे. प्रत्येकाची पिशवी किंवा बादली वेगळी. कमरेला बांधायची जाळीची पिशवी सोयीची. विभाग वेगळी मर्यादा जाहीर करत नाही तोवर माणशी रोजचे पहिले १५, आणि त्यात लहान, फुटलेले, मान तुटलेले सगळे मोजायचे. छोटा परत पुरला तर तो जगेल असं वाटतं, पण उपटलेले बहुतेक मरतात. १५ मोठे निवडण्याच्या नादात वाळूत ३० मारायचे, हेच थांबवण्यासाठी हा नियम.

मोठ्यांचे वार्षिक परवाने ३१ मार्चला संपतात. एप्रिलच्या पहिल्या सुट्टीत जुना परवाना खिशात घेऊन जाणारे दरवर्षी निघतात.

पोटाचा काळा भाग काढून टाकला आणि भरपूर उकळलं, तर विषाची भीती राहत नाही ना? आम्ही पोर्टलंडहून सीसाइडला जातो.

राहते. डोमोइक ॲसिड हे विष स्युडोनिट्शिया नावाच्या सूक्ष्म शैवालापासून येतं. उकळून, तळून, गोठवून ते नष्ट होत नाही, आणि रेझर क्लॅममध्ये ते फक्त पोटात नसतं, खायच्या मांसातही असतं. चवीत, वासात, रंगात काही फरक पडत नाही. दुसरे शिंपले काही आठवड्यांत हे विष बाहेर टाकतात. रेझर क्लॅम महिनोन्‌महिने धरून ठेवतो. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर ते पहिल्यांदा १९९१ मध्ये सापडलं, आणि २०१५ च्या मे महिन्यात हंगाम मध्येच थांबवावा लागला. मर्यादा दहा लाख भागांत २० भाग अशी आहे. उलट्या, पोटात कळा, जुलाब हे चोवीस तासांत. डोकं दुखणं, गोंधळणं, विसरायला होणं त्यानंतर. अशी लक्षणं दिसली तर थेट डॉक्टर गाठा आणि काय खाल्लं, कुठलं, ते सांगा.

सीसाइड, गिअरहार्टचा क्लॅटसॉप पट्टा ऑरेगनमध्ये येतो, तिथली व्यवस्था वेगळी. तारखा ठरवून किनारा उघडत नाहीत. विषामुळे बंद नसेल तर उघडाच असतो, फक्त १५ जुलै ते ३० सप्टेंबर लहान शिंपले वाढावेत म्हणून बंद. त्यामुळे निघण्याआधी तिथल्या कृषी विभागाची सूचना बघण्याची जबाबदारी तुमची. मर्यादा तीच, पहिले १५, पण परवाना १२ व्या वर्षापासून लागतो. वॉशिंग्टनचा परवाना तिथे चालत नाही.

साफ करताना आतून काचेसारखी पारदर्शक काडी निघाली. जंत आहे का? सगळे टाकून दिले. (वाचक, टकोमा)

टाकायला नको होते. ती शिंपल्याच्या पचनसंस्थेचा भाग आहे. ती जठरात फिरते आणि झिजताना पाचकरस सोडते. निरोगी, खात्यापित्या शिंपल्यात ती ठसठशीत दिसते.

आमचं माहेर मालवणचं. रेझर क्लॅमचं तिसऱ्यांसारखं सुकं होईल का? आणि भोकात मीठ टाकलं की ते आपोआप वर येतात म्हणतात, ते खरं का? (वाचक, कर्कलंड)

मिठाची युक्ती युरोपातल्या लांबट, नळीसारख्या रेझर क्लॅमवर चालते. पॅसिफिकचा हा सिलिक्वा पॅट्युला वेगळा. रुंद, चपटा, उघड्या समुद्राच्या लाटांत राहणारा. त्याच्यावर मीठ वाया जातं. शिवाय वॉशिंग्टनमध्ये हात, फावडं आणि नळी एवढ्यानेच काढायची परवानगी आहे.

सुकं होतं, पण एकशिपी करता येत नाही. तिसऱ्या आपण कवचासकट शिजवतो. याचं पोट काढावंच लागतं. पातेल्यात पाणी खळखळ उकळा, शिंपले पाच-दहा सेकंद टाका, कवच उघडलं की लगेच गार पाण्यात. कवच सुटून येतं. कात्रीने मानेचं टोक कापा, मान उभी चिरा. पायाचा जाड भाग वेगळा करून तोही उभा चिरा. कल्ले आणि काळपट-तपकिरी पोट काढून टाका. आत वाळू असतेच, वाहत्या पाण्याखाली धुवा. रात्रभर पाण्यात ठेवायची गरज नाही. गोड्या पाण्यात जिवंत शिंपले मुळीच ठेवू नका, मरतात. साचलेल्या समुद्राच्या पाण्यातही हवा संपून गुदमरतात. किनाऱ्यावरून आणताना ओल्या गोणपाटाखाली, बर्फाच्या पेटीत, पण बर्फ वितळलेलं पाणी लागणार नाही असे ठेवा, आणि त्याच दिवशी साफ करा.

मग कांदा, वाटण, मालवणी मसाला, आगळ किंवा चार कोकमं घालून मसाला पूर्ण शिजवून कोरडा करा. मांस शेवटी. मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं, बास. तिसऱ्यांच्या सवयीने दहा मिनिटं झाकण ठेवलं तर रबर चावावं लागेल. मीठ चाखून घाला, मांसात आधीच खार असतो. पाय सर्वांत मऊ, त्याची रवा लावून तव्यावर एका बाजूला एक मिनिट अशी कापं करा. मानेचा भाग चिवट, तो बारीक चिरून सुक्यात घाला. वसंतातले शिंपले अंडी सोडण्याच्या आधीचे, म्हणून जास्त भरलेले असतात. ज्यांना वर्षातून एकदाच जमतं त्यांनी एप्रिल धरावा.

आईबाबा पुण्याहून जुलैमध्ये येणार आहेत. त्यांना हे दाखवायचं आहे. काही मार्ग? (वाचक, इसाक्वा)

रेझर क्लॅमचा जवळजवळ नाही. वॉशिंग्टनचा हंगाम तोवर संपलेला असतो, ऑरेगनचा क्लॅटसॉप १५ जुलैला बंद होतो, त्यामुळे तिथे जायचं तर त्याआधीच. त्याऐवजी हूड कॅनॉलवर डोसवॉलिप्स स्टेट पार्कसारख्या जागी मनिला क्लॅम काढायला न्या. तो आकाराने, चवीने आणि कामानेही तिसऱ्यांच्या जवळचा आहे. दोन ते चार इंच खोल, छोट्या दाताळ्याने खरवडून निघतो, पाठ मोडत नाही, लाटा अंगावर येत नाहीत. किमान दीड इंचाचा हवा, रोज माणशी ४० पर्यंत, आणि खणलेला खड्डा बुजवणं कायद्याने सक्तीचं, नाहीतर ढिगाखालचे गुदमरतात. पाहुण्यांनाही परवाना लागतो.

जुलैत दोन गोष्टी सांभाळा. तो किनारा त्या दिवशी उघडा आहे ना ते आरोग्य विभागाच्या नकाशावर सकाळी बघा. आणि उन्हाने तापलेल्या पाण्यात व्हिब्रिओ जिवाणू वाढतात; पाणी उतरताच काढा, लगेच बर्फात ठेवा आणि १४५ अंश फॅरनहाइटला किमान १५ सेकंद शिजवा. डोमोइक ॲसिड उकळून जात नाही, हा जिवाणू मात्र मरतो. इथे आईंना हवं तितका वेळ झाकण ठेवून वाफ काढू द्या.